चुना आधी की सावली आधी?

रोबस्टाचा भाव 2024 साली तोवरच्या उच्चांकाला गेला, आणि चिक्कमगळूरु-कोडगूच्या डोंगरांत सावलीच्या झाडांची तोड आणि तुषार सिंचनाचे पाइप एकाच हंगामात वाढले. झाडं विरळ करा, पाणी द्या, खत दुप्पट करा, असा सल्ला जो तो देऊ लागला. माझ्या मावसबहिणीचं, ताईचं, सासर मूडिगेरे तालुक्यात. घरचा कॉफीचा मळा आहे, खालच्या अंगाला रोबस्टा, वरच्या उतारावर अरेबिका. तिच्याही घरात निम्मी सावली काढायचा विचार चालला होता आणि ती एकटी त्याच्या आड उभी होती. आमचे मामा अकोल्याकडचे. सगळी नोकरी त्यांनी माती परीक्षण प्रयोगशाळेत केली. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मातीचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथून जे सुरू झालं ते जसं आठवतं तसं इथे देते आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. सुपीक माती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळी कसदार जमीन येते. बेसॉल्टची, चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास, उन्हाळ्यात भेगाळणारी. मूडिगेऱ्याची माती तिच्या अगदी उलट्या टोकाची आहे. खालचा खडक नाइस. त्यावर दर वर्षी दोन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि हे हजारो वर्षं चाललेलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन गेलं. मागे राहिली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि केओलिनाइट जातीची चिकणमाती. त्या लाल मातीवर जंगलाने पाचोळ्याचा काळसर थर चढवला आणि त्या थरात कॉफी लागली. मामांची सगळी हयात पहिल्या मातीत गेली, ताईची वीस-पंचवीस वर्षं दुसरीत.

मामा : सामू 4.8! अगं, या आकड्यावर मुळं जगतात कशी तेच मला नवल वाटतं. कॉफीला सहा ते साडेसहा लागतो.

ताई : सहा-साडेसहा पुस्तकात. आमच्याकडे साडेपाच असला तरी झाड खुशीत असतं.

मामा : साडेपाच आणि 4.8 यांत पाचपट आम्लाचा फरक आहे. आणि साडेपाचच्या खाली उतरलं की खरा धोका आम्लाचा राहत नाही, ॲल्युमिनियमचा असतो. मातीत बांधलेलं ॲल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांची टोकं जाळतं. मूळ आखूड होतं, जाड होतं, खाली जात नाही. मग फेब्रुवारी-मार्चात झाड कोमेजलं की तुम्ही म्हणता पाऊस लांबला. स्फुरदाचंही तेच. तुम्ही सुपरफॉस्फेट घालता, ते लोह आणि ॲल्युमिनियम जखडून ठेवतात.

ताई : म्हणून तर आम्ही रॉक फॉस्फेट घालतो. तुमच्या काळ्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. इथलं आम्लच त्याला विरघळवतं.

मामा : ते बरोबर. पण हे आम्ल सगळं पावसाचं नाही. तुझ्या शेडमध्ये अमोनियम सल्फेटची पोती मी पाहिली. त्यातल्या एका किलो नत्रामागे जे आम्ल तयार होतं ते मारायला साधारण पाच किलो चुनखडी लागते. युरियाला त्याचा तिसरा हिस्सा. मागच्या पिढीने पोती ओतली आणि चुना मात्र आठवेल तेव्हा. खत दुप्पट करायचा बेत आहे ना तुमचा? मग आधी चुन्याचा हिशोब करा.

ताई : मामा, खत दुप्पट करायचा बेत माझा नाही. आणि चुना मी घालत नाही असंही नाही. पण तो वर फेकला की वरच राहतो. कपाशीच्या रानासारखी इथे नांगरट नाही. झाडं पन्नास-पन्नास वर्षांची, मुळं वरच्या फूटभरात पसरलेली. कुदळ मारली की मुळं तुटतात. वरच्या दोन-तीन इंचांचा सामू सुधारतो, खाली तुमचं ॲल्युमिनियम तसंच.

मामा : खालच्यासाठी जिप्सम. आमच्या खारपाणपट्ट्यात आम्ही सोडियम हाकलायला जिप्सम घालतो, तेच इथे ॲल्युमिनियमसाठी चालतं. ते पाण्याबरोबर खाली उतरतं. त्याने सामू वाढत नाही, पण कॅल्शियम खोल जातं आणि ॲल्युमिनियमचा जाच कमी होतो.

ताईने हे लिहून घेतलं. मात्र तिचा मूळ आक्षेप चुन्यावर नव्हताच. ती आम्हाला एका जुन्या उंबराखाली घेऊन गेली, हाताने पाचोळा बाजूला केला आणि खालची मूठभर माती मामांच्या हातावर ठेवली. भुसभुशीत, काळी, ओलसर. मग दहा पावलांवर, जिथे शेजाऱ्याच्या बांधालगतची झाडं गेली होती, तिथली दिली. लालसर, घट्ट, हातात ढेकूळच राहणारी.

ताई : आता मला सांगा, खत धरून ठेवणार कोण? तुमच्या काळ्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट. तिची धन आयन विनिमय क्षमता शंभर असेल, तर आमच्या केओलिनाइटची दहा. पालाश, मॅग्नेशियम, अमोनियम टाकलं तर बसायला जागाच नाही. जागा आहे ती फक्त या ह्युमसमध्ये, त्याची क्षमता दोनशेच्या घरात. तुमच्याकडे सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असला तरी माती तग धरते, कारण चिकणमाती सगळं सांभाळते. आमचा तीन टक्के कर्ब अर्ध्यावर आला की माझ्याकडे उरते ती नुसती लाल माती. मग तुम्ही दोन पोती ओता की चार, जूनचा पहिला आठवडा सगळं ओढ्यात नेऊन टाकेल.

मामा काही वेळ गप्प राहिले. हा मुद्दा त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. आकडे त्यांना तिच्याहून जास्त पाठ आहेत. पण ज्या मातीत आयुष्य गेलं तिथे हा प्रश्न कधी जीवघेणा नव्हता. मला इथे ताईचं म्हणणं पटतं आणि ते मी आत्ताच सांगून टाकते : या मातीत किती खत घालायचं हा दुसरा प्रश्न आहे, किती झाडं उभी ठेवायची हा पहिला. सावली काढली की जमिनीचं तापमान चढतं, पाचोळा पडणं कमी होतं आणि असलेला ह्युमस भराभर जळतो. पहिली दोन-तीन वर्षं पीक जोरात येतं, कारण त्या जळण्यातून नत्र सुटं होत असतं. लोक त्यालाच नव्या खताचा गुण समजतात.

पण मामांनी पुढे जो हिशोब मांडला तोही टाळता येण्यासारखा नाही.

मामा : पाचोळ्याचं कौतुक मलाही आहे. पण पाचोळा नवं काय आणतो? झाडाने याच जमिनीतून उचललं, वर नेलं, पुन्हा खाली टाकलं. हालवाणाची, म्हणजे पांगाऱ्याची, गोष्ट वेगळी, ते हवेतलं नत्र बांधतं. बाकीची झाडं आहे तेच फिरवतात.

ताई : नुसतं फिरवत नाहीत. कॉफीच्या मुळांना चकवून खाली निसटलेलं नायट्रेट आणि पालाश त्यांची खोल मुळं पकडून वर आणतात. गळती थांबवणं ही कमाईच आहे.

मामा : कबूल. पण पोत्यातून बाहेर जातं ते कुठलं झाड परत आणणार? जंगलातून कोणी धान्य विकत नाही, म्हणून जंगलाचा हिशोब जमतो. तू एक टन स्वच्छ कॉफी विकलीस की जमिनीतून साधारण 35 ते 40 किलो नत्र आणि त्याच्याइतकं किंवा थोडं जास्तच पालाश गेलं. पालाशाचंच बघ. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोच्या पोत्यात तीस किलो पालाश, म्हणजे टनामागे जवळजवळ दीड पोतं. तुझी माती आमच्यासारखी काळी असती तर तिने थोडंफार भरून काढलं असतं. इथला खडक कुजून त्यातलं सगळं केव्हाच निघून गेलंय. तुझा पालाशाचा आकडा अहवालात कमी आहे तो उगाच नाही.

ताई : बियांत तेवढं पालाश नसतं, मामा. निम्म्याच्या आसपास तर सालीत आणि गरात असतं.

मामा : मग साल कुठे जाते?

या प्रश्नावर खरं तर सगळ्या मळेवाल्यांनी थांबावं. अरेबिकाची फळं मळ्यावरच पल्पिंग करून, आंबवून, धुऊन पार्चमेंट म्हणून विकली जातात. साल आणि गर मागे राहतो. रोबस्टाचं मात्र बहुतेक ठिकाणी अख्खं फळ अंगणात वाळवतात आणि चेरी म्हणून पन्नास किलोच्या पोत्यांनी विकतात. त्यातली स्वच्छ कॉफी निघते निम्म्याहून थोडी जास्त. उरलेलं टरफल क्युअरिंगच्या गिरणीत सोलून निघतं, तिथेच राहतं, बऱ्याचदा भट्टीत जळणाला जातं. सर्वांत जास्त पालाश असलेला भाग शेतकरी फुकटात गाडीत भरून देतो आणि मग परदेशातून आलेलं पोटॅश विकत घेतो. भारतात पोटॅशची खाण चालत नाही. प्रत्येक पोतं आयात केलेलं असतं. ताईच्या घरीही रोबस्टा चेरी म्हणूनच जात होती. तिने लगेच यजमानांना हाक मारून विचारलं की गिरणीवरून टरफल परत आणायला भाडं किती पडेल. अरेबिकाचा गर निदान मळ्यातच होता, पण उघड्या ढिगावर. मामांनी तो ढीग पाहिला तेव्हा खालून तपकिरी पाणी वाहत होतं. पालाश पाण्यात पटकन विरघळतं; पावसात उघडा पडलेला ढीग महिन्याभरात त्यातलं बहुतेक गमावतो. वर छप्पर हवं, निदान ताडपत्री.

दुपारी वाद वेगळ्या अंगाने पेटला.

ताई : तुम्ही अहवालावर एवढा विश्वास ठेवता. नमुना कसा घेतात? वरचा पाचोळा बाजूला सारायचा, नऊ इंच खोल खड्डा घ्यायचा, दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो पाठवायची. म्हणजे ज्या थरात माझ्या मळ्याचा जीव आहे तो आधी हाताने झाडून टाकायचा, आणि उंबराखालची, सिल्व्हर ओकखालची, उघड्यावरची माती एकात मिसळायची. मग जो सरासरी आकडा येतो तो मळ्यातल्या कुठल्याच जागेचा नसतो.

मामा : पाचोळा मिसळला तर कर्बाचा आकडाच खोटा येईल, म्हणून तो काढतात. पण नमुने मिसळू नयेत हे तुझं खरं. सावलीप्रमाणे वेगळे घ्यावेत. आणि मी तुला आणखी एक सांगतो, जे तुला या अहवालात दिसलं नाही. स्फुरद त्यांनी ओल्सनच्या पद्धतीने काढलंय. ती आमच्या चुनखडीच्या जमिनीसाठी. आम्ल मातीला ब्रेची पद्धत लावतात. तेव्हा या स्फुरदाच्या आकड्यावर खत ठरवू नकोस. पण म्हणून मोजणंच सोडायचं का? आकडा चुकीच्या पद्धतीने काढला, तर पद्धत बदलायची.

बाळेहोन्नूरला 1925 पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, मूडिगेऱ्याहून ते फार लांब नाही. आम्ल मातीची योग्य तपासणी आणि त्यावरून चुन्याची मात्रा, हे तिथलं रोजचं काम. मळेवाल्यांनी नमुने त्यांच्याकडेच द्यावेत, जवळ पडेल त्या प्रयोगशाळेत देऊ नयेत, एवढं मला मामांच्या बोलण्यावरून कळलं.

मग मामांनी ब्राझील काढलं. त्यांच्या मनात तो देश बरीच वर्षं आहे.

मामा : सेराडोची माती तुझ्याहून वाईट होती. आम्ल, ॲल्युमिनियमने भरलेली, स्फुरद नाही. तिथे शेती होणार नाही असंच सगळे धरून चालले होते. मग चुना, स्फुरद, जिप्सम, आणि 1975 साली पारानात हिमाने कॉफी जळल्यावर लागवडी तिकडे सरकल्या. आज ब्राझीलच्या कॉफीचा मोठा वाटा तिथून आणि मिनासच्या डोंगरातून येतो, तोही बहुतेक उघड्यावर. ज्यांनी ती माती सुधारली त्यांना 2006 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि आपली अरेबिका? हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपास अडकून पडलीय.

ताई : सेराडो सपाट आहे, मामा. तिथे यंत्र चालतं. आमच्या उतारावर माणूस घसरतो. आणि ब्राझीलचंच सांगायचं तर अर्धंच का सांगता? एकोणिसाव्या शतकात रिओजवळच्या पाराइबा नदीच्या खोऱ्यात त्यांनी अटलांटिक किनाऱ्याचं जंगल जाळलं आणि कॉफीच्या ओळी उतारावर सरळ वरून खाली लावल्या. जगातली सर्वाधिक कॉफी तिथून जायची. दोन पिढ्यांत डोंगर उघडे पडले, माती वाहून गेली, मळेवाले साओ पाउलोकडे सरकले. सरकायला त्यांच्याकडे जमीन होती. आम्ही कुठे सरकणार?

यावर मामांनी प्रतिवाद केला नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगर खचले, माणसं गेली, कॉफीच्या उभ्या बागा मातीसकट खाली आल्या. ते त्यांनी वाचलेलं होतं. ताईच्या मळ्यात ओळींच्या मधे आडवे, तुटक चर खणलेले आहेत. वाहून येणारी माती आणि पाचोळा त्यांत साठतो, तो पुन्हा झाडांच्या बुंध्याशी ओढतात. फार उभ्या चढावर हे चर जपून घ्यावे लागतात, कारण अडवलेलं पाणी आत मुरून उतार सैल करतं. तिथे चर नकोत, मुळं हवीत.

मला वाटत होतं आता दोघं आपापल्या जागी बसतील. पण तांब्याचा विषय निघाला आणि दोघांचे धागे प्रथमच एकमेकांत गुंतले.

1869 मध्ये तांबेरा सिलोनच्या कॉफीवर आला आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या बेटावरची कॉफी संपवून तिथे चहा लावायची पाळी आणली. दक्षिण भारतात तांबेऱ्याला आणि कोळेरोगाला आवर घालायला मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारलं गेलं. सेंद्रिय मळेवालेही ते वापरतात. नियमात मर्यादेपर्यंत चालतं. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही, खालीही फारसं उतरत नाही. पानावरून गळतं आणि वरच्या थरात साठतं.

ताई : आमच्या वरच्या तुकड्यात सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापासून बोर्डो पडतंय. तिथे गांडूळ कमी दिसतं असं मला नेहमी वाटतं.

मामा : तांब्याची तपासणी केलीस कधी?

ताई : नाही.

मामा : कर. आता ऐक, हे तुझ्याच बाजूचं आहे. तांब्याला बांधून ठेवतो तो ह्युमस. जितका कर्ब जास्त तितकं तांबं निपचित. तू सावली काढलीस आणि ह्युमस जळला, तर शंभर वर्षांचं साठलेलं तांबं मोकळं होईल. आणि हे माझ्या बाजूचं. सामू घसरला तरीही ते मोकळं होतं. तेव्हा त्या तुकड्यात झाडाला हात लावायचा नाही आणि चुना घालायचाच.

ताई : डोलोमाइट घालते. मॅग्नेशियमही जाईल, पानं शिरांमधून पिवळी पडताहेतच.

मामा : चालेल. पण एकदम सहावर न्यायला जाऊ नकोस. चुना जास्त झाला की जस्त मिळेनासं होतं आणि मग जस्ताची फवारणी करत बसशील. पाऊस ओसरला की, जमिनीत ओल असताना, निम्मी मात्रा. अमोनियाचं खत त्याच्याबरोबर नाही, निदान महिन्याचं अंतर. नाही तर नत्र हवेत उडेल.

संध्याकाळी तिचे यजमान आले आणि तोडीचा प्रश्न सरळ निघाला. रोबस्टाला अरेबिकाहून जास्त उजेड लागतो, हे खोटं नाही. दाट अंधारात ती फुलत नाही. वर अरेबिकात मात्र ऊन वाढलं की पांढरा खोडकिडा वाढतो, आणि तिथे झाडं काढणं म्हणजे बुंधेच गमावणं. म्हणजे उत्तर दोन तुकड्यांत दोन. यजमान म्हणाले, देशी झाडं काढून सिल्व्हर ओक लावू, मिरीचे वेल चढवता येतात, लाकूड विकता येतं. हा विचार या पट्ट्यात जिकडेतिकडे आहे आणि त्याला कारणही आहे : कोडगूत कितीतरी जमिनींवर देशी झाडांच्या लाकडाचा हक्क सरकारकडे राहतो, सिल्व्हर ओक मात्र मालकाला तोडता येतो. उंबर, फणस, शिसव सांभाळणाऱ्याला कायद्यातून काही मिळत नाही. मातीच्या सुपीकतेवर लिहिताना हा मुद्दा सहसा कोणी आणत नाही, पण माझ्या मते ह्युमसचं भवितव्य कृषी खात्याइतकंच महसूल खात्याच्या हातात आहे.

ताई : सिल्व्हर ओकचं पान लवकर कुजत नाही. सुकलेलं तसंच पडून राहतं.

मामा : उतारावर झाकण म्हणून ते वाईट नाही. पण अन्न म्हणून हालवाण आणि उंबरच बरे, हे मान्य.

ताई : मग खाली रोबस्टात झाडं तोडायची नाहीत, मे महिन्यात फांद्या छाटायच्या. पावसाळ्यात उजेड मिळेल, छाटलेला पाला तिथेच कुजेल, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा फुटवा येईल.

मामा : छाट. पण पीक वाढलं तर पालाशाची पोतीही वाढवावी लागतील, टरफल परत आलं तरी. ते नुसत्या पाल्यावर भागवू म्हणालीस तर मी ऐकणार नाही.

ताई : एका हप्त्यात देणार नाही मी. तीन हप्त्यांत देईन.

मामा : चार. जूनच्या मुसळधारीच्या आधी एक, आणि जुलैत अजिबात नाही.

यजमानांनी विचारलं, मजुरीचं काय. चार वेळा खत टाकायला माणसं कुठून आणायची? त्या प्रश्नावर दोघांकडेही तयार उत्तर नव्हतं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिघंही वहीत मजुरीचे दिवस मांडत बसले.